जुन्या एमटीबीचा (डोंगरवाटांच्या सायकलीचा) पुढचा शॉकर: टाकून देण्याआधी एकदा उघडून बघा

माळवावाट (इंदूर)

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे. पण ज्यांच्या घरी दहा-पंधरा वर्षं जुनी शॉकरवाली सायकल पडून आहे, त्यांनी कृपया शेवटपर्यंत वाचा. मी मध्येच एका ठिकाणी अडकलोय, त्याचंही उत्तर हवं आहे.

सायकल २००८ ची, २६ इंची, व्ही-ब्रेकवाली (रिमला दोन्ही बाजूंनी रबर दाबणारे ब्रेक). पुढे रॉकशॉक्स कंपनीचा टोरा चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा दोन पायांचा शॉकर, ट्रॅव्हल (दबण्याची लांबी) १०० मिमी, डाव्या पायात स्प्रिंग आणि उजव्या पायात उसळी आवरणारा तेलाचा डॅम्पर. (वरच्या चकचकीत भागाला मी नळ्या म्हणतो, खालच्या रंगीत भागाला पाय.) या सायकलवर मी सिमरोल, चोरल, तिंछा, महू-पाताळपाणी सगळं पालथं घातलं. मग बदली झाली, गुडघा दुखायला लागला आणि सायकल सुदामानगरच्या गॅलरीत सहा वर्षं तशीच उभी राहिली. यंदा लेक अकरावीत गेला. नवी घेऊ म्हटलं तर म्हणाला, "बाबा, मला तुमचीच हवी."

चेन, केबल, ब्रेकचे रबर, टायर हे सगळं दोन दिवसांत झालं. चिमटा मात्र दगड झालेला. हँडलवर पूर्ण भार टाकला तरी जेमतेम सेंटिमीटरभर दबायचा, तिथेच अडकायचा आणि मग सावकाश कुरकुरत वर यायचा. एका दुकानात सांगितलं, "साहब, शॉकर तो गया, नया डलवा लो." दुसऱ्या दुकानात पोऱ्याने माझ्यासमोर पेचकसाने सीलची, म्हणजे पायाच्या तोंडावरच्या रबरी कड्याची, कड उचलली, आत गंज सोडवायचा स्प्रे मारला आणि वरून ग्रीस थापलं. दोन दिवस चिमटा मऊ चालला. तिसऱ्या दिवशी आधीपेक्षा घट्ट. आता कळतंय का ते. स्प्रेने आत उरलंसुरलं तेल धुऊन काढलं आणि बाहेरच्या ग्रीसवर रस्त्याची धूळ बसून त्याची लापी झाली.

नवा टाकायचा म्हटलं तर तोही सहज मिळत नाही. आजचे बहुतेक चांगले चिमटे २७.५ किंवा २९ इंची चाकाचे, फ्रेममध्ये जाणारी मधली नळी खाली जाड आणि वर बारीक म्हणजे टेपर्ड असलेले आणि फक्त डिस्क ब्रेकचे. माझ्या फ्रेमला सरळ सव्वा इंचापेक्षा थोडी बारीक, म्हणजे २८.६ मिमीची मधली नळी लागते आणि व्ही-ब्रेकच्या खुंट्या लागतात. म्हणून ठरवलं, स्वतःच उघडायचा.

काल रात्री बसलो. चिमटा सायकलवरून उतरवला, वर्तमानपत्र पसरलं, खाली आईची जुनी परात ठेवली. उजव्या पायाखालचा रिबाउंडचा (चिमटा वर यायचा वेग ठरवणारा) नॉब सरळ खाली ओढला की निघतो. मग दोन्ही पायांच्या तळाला ५ मिमीची ॲलन-की लागते. बोल्ट एकदम काढायचा नाही. तीन-चार फेरे सैल करायचा, त्यावर रबरी हातोडीने ठोकायचं, म्हणजे आतला शाफ्ट पायातून सुटतो. डावा एका ठोक्यात सुटला, टक्कन. बोल्ट काढला आणि परातीत जे आलं ते तेल नव्हतंच. टपरीवरच्या पेल्यात तळाशी उरतो तसा दुधाळ तपकिरी चहा, दोन-तीन चमचे. परात तिरकी केली तर खाली काळ्या मातीचा गाळ. बोटांत चोळला तर मैद्यासारखा मऊ. ही आपली चोरलकडची माती, किती पावसाळ्यांपूर्वीची कोण जाणे, माझ्या चिमट्यात बसून होती. मला खरंच वाईट वाटलं. चेनला दर आठवड्याला तेल घालणारा मी, पण याच्या आत काही बघायचं असतं हे आठ वर्षांत एकदाही डोक्यात आलं नाही.

उजवा बोल्ट मात्र नुसता फिरतोय. सैलही होत नाही, घट्टही होत नाही. आटे गेले असतील का? पुढे कसं जाऊ?

नवखा_स्वार (इंदूर)

काका, मस्त लिहिलंय. माझ्या सेकंडहँड सायकलचा पुढचा भाग ब्रेक मारला की खटखट वाजतो. तोही शॉकरच का?

तेलकट_हात (इंदूर)

माळवावाट भाऊ, सायकल भंगारात दिली नाहीत, फार बरं केलंत. मी मोटारसायकलींचे शॉकर उघडत मोठा झालो, सायकलींचे नंतर शिकलो. सविस्तर लिहितो.

आधी तुमचा बोल्ट. आटे गेले असण्याची शक्यता कमी आहे. आतला शाफ्ट बोल्टबरोबर फिरतोय, त्याला धरून ठेवणारं कुणी नाही. डावीकडे स्प्रिंग शाफ्टला सतत खाली दाबून ठेवते, म्हणून तो बोल्ट सरळ सुटला. याच कारणासाठी वरची टोपी उघडून स्प्रिंग आधी काढायची नसते, खालचे बोल्ट सैल होईपर्यंत ती आतच हवी. उजवीकडे तो दाब आपण द्यायचा. डावा बोल्ट तात्पुरता परत लावा, चिमटा सायकलला चढवा, उजव्या नळीवरचा लॉकआउट (चिमटा दबू न देणारी कळ) लावा. एकाने हँडलवर छाती टेकवून पूर्ण वजन टाकायचं, दुसऱ्याने खालून किल्लीला झटका द्यायचा. हळूहळू फिरवायचं नाही, झटकाच. लॉकआउटमुळे शाफ्ट तळावर दाबला जातो आणि फिरायचा थांबतो. लेकाला वजन टाकायला सांगा.

आता महत्त्वाचं, आत काय चालतं ते. चिमट्यात दोन वेगळी तेलं असतात आणि सगळा घोटाळा तिथेच होतो. डॅम्परमधलं तेल बंद नळीत असतं, ते छोट्या भोकांतून ये-जा करतं आणि स्प्रिंगची उसळी आवरतं. ते बहुधा पातळ असतं आणि त्याची जाडी बदलली की चिमट्याचं वागणं बदलतं. पायांमधलं तेल वेगळं. ते फक्त बुश (नळी ज्यांत सरकते त्या कड्या) आणि सील ओलं ठेवायला. तुमच्या परातीत जे आलं ते हे दुसरं. ते संपलं किंवा त्यात पाणी शिरलं की नळी बुशवर कोरडी घासते, चिमटा दगड होतो. तुमचा डॅम्पर कदाचित अजून ठणठणीत असेल, त्याला आत्ता हात लावू नका.

पायात तेल किती? आमचे मोटारसायकलवाले मित्र इथे चुकतात. मोटारसायकलच्या एका पायात पेलाभर तेल जातं, म्हणून हात सवयीने तेवढंच ओततो. सायकलच्या अशा चिमट्यात एका पायाला ५ ते १५ मिलीच लागतं. नेमका आकडा मॉडेल आणि वर्षाप्रमाणे मॅन्युअलात बघायचा. जास्त ओतलं तर आतल्या हवेला जागा उरत नाही, चिमटा पूर्ण दबत नाही आणि सील बाहेर ढकललं जातं. याला अपवाद म्हणजे मार्झोकी कंपनीचे जुने बॉम्बर चिमटे वगैरे, ज्यांत पायातल्याच तेलात डॅम्परही बुडालेला असतो. त्यात एका पायाला शंभर मिलीच्या वर जातं. म्हणून आधी चिमटा कुठला ते ओळखा, मग बाटली उघडा.

तेल म्हणून मोटारसायकलच्या दुकानातलं १५ वजनाचं फोर्क ऑइल पायासाठी छान चालतं. फक्त एक ध्यानात ठेवा, बाटलीवरचं ५, १०, १५ हे वजन सगळ्या कंपन्यांत सारखं नसतं, एकाचं १० दुसऱ्याच्या ७ सारखं पातळ निघू शकतं. पायासाठी फरक पडत नाही. डॅम्परसाठी पडतो, तिथे तेलाची खरी जाडी ४० अंशाला किती ते पत्रकात बघून घ्यावं.

नवखा भाऊ, तुमचा खटखट आवाज कशाचा ते दोन मिनिटांत कळेल. पुढचा ब्रेक धरा, सायकल पुढे-मागे हलवा. एक बोट सीलजवळ नळी आणि पायाच्या फटीवर ठेवा. तिथे हालचाल जाणवली तर बुश झिजलेत. मग बोट वर, फ्रेमच्या वाटीवर, म्हणजे चिमट्याची मधली नळी जिथे फिरते तिथे ठेवा. तिथे जाणवली तर वाटी-छर्रे ढिले आहेत, शॉकर निर्दोष. शंका राहिली तर हँडल पूर्ण आडवं वळवून, ब्रेक धरून पुन्हा हलवा. वाटी ढिली असेल तर तेव्हाही ती कुरकुरते. जुन्या सायकलींत बहुतेक वेळा वाटीच असते आणि लोक उगाच चिमट्याला दोष देतात.

शनिवारस्वारी (इंदूर)

तेलकट काका, माझ्याकडे सनटूर कंपनीचा एक्ससीटी चिमटा आहे, सायकलबरोबरच आलेला. मी व्हिडिओ बघून उघडला तर आत तेल नव्हतंच. फक्त पिवळं पडलेलं ग्रीस. मी घाबरून बंद केला. माझं चुकलं का काही?

शिवाय एक सांगते, सगळ्यांनी लक्ष द्या. मी पावसाळ्यात तिंछाहून आले की सायकल थेट गाड्या धुण्याच्या सेंटरवर न्यायचे, जोराच्या फवाऱ्याने पाच मिनिटांत लखलखीत. सीलवर पाणी सरळ आत शिरतं हे मला नंतर कळलं. आता बादली, पाणी ओतायचा मग आणि जुना टूथब्रश. काळी माती वाळू द्यायची नाही, ओली असतानाच पाणी ओतून काढायची. वाळली की नळीवर तिची सिमेंटसारखी कड होते आणि चिमटा दबला की ती कड सील कापते.

तेलकट_हात (इंदूर)

शनिवारस्वारी ताई, तुमचं काही चुकलं नाही. एक्ससीटीसारख्या चिमट्यात तेलाची आंघोळ नसतेच, तो ग्रीसवर चालतो. आत लोखंडी स्प्रिंग, प्लॅस्टिकचे बुश. जुनं ग्रीस कापडाने पूर्ण पुसा, बुशच्या आतल्या भिंतीवर आणि स्प्रिंगवर शॉकरचं म्हणून मिळणारं मऊ ग्रीस लावा. बेअरिंगचं लिथियम ग्रीस नको, ते घट्ट बसतं आणि जुन्या इलॅस्टोमरला (काही चिमट्यांतल्या रबरासारख्या ठोकळ्यांना) मानवतही नाही. स्प्रिंगला ग्रीस लावलं की ती आतून नळीवर आपटून खडखडायची थांबते. घरी तासाभराचं काम आहे आणि चिमटा नव्यासारखा फिरतो, खरंच सांगतो. स्वस्त चिमटा म्हणून लोक त्याला उघडतच नाहीत.

फवाऱ्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते शंभर टक्के. इंदूरमध्ये माझ्याकडे येणाऱ्या दर दहा चिमट्यांत निम्म्याच्या वर पाणीच निघतं.

पाताळपाणी (महू)

माझं मत जरा वेगळं आहे, राग मानू नका. इतक्या जुन्या सायकलला साधा, बिनशॉकरचा लोखंडी चिमटा टाकला तर कायमची चिंता मिटते. दोन किलोच्या आसपास वजनाचा शॉकर जाऊन हलका चिमटा येतो. मी तेच केलं आणि महू-मानपूर पट्ट्यात मजेत फिरतो. फक्त घेताना शॉकरच्या उंचीचा, म्हणजे एक्सलपासून (चाकाच्या आसापासून) क्राउनपर्यंतचं (दोन्ही नळ्या वर जुळतात तिथपर्यंतचं) माप जुळणारा घ्या. आखूड टाकला तर पुढचा भाग खाली बसतो आणि हँडल नको तितकं चपळ होतं. उलट बाजूनेही तेच. ८० मिमीच्या फ्रेमला कुणी १२० मिमीचा शॉकर टाकला तर डोक्याचा (फ्रेमच्या पुढच्या नळीचा) कोन साधारण दोन अंशांनी आडवा होतो आणि चढावर पुढचं चाक भटकतं.

माळवावाट (इंदूर)

पाताळपाणी, राग कसला, तुमचा मुद्दा रास्त आहे. पण लेकाला उड्या मारायच्या आहेत आणि मला हा चिमटा वाचवायचा आहे.

तेलकट काका, बोल्ट सुटला! लेक हँडलवर ओणवा, मी खाली, तिसऱ्या झटक्याला. आता पाय पूर्ण निघाले, आणि आत जे दिसलं ते सांगतो.

सीलखाली फोमची चकती असते हे वाचलं होतं. तिचं काम तेल धरून ठेवायचं आणि नळीला सतत पुसत राहायचं. माझ्या चकत्या चिमटीत धरल्या तर भुगा होऊन झडल्या. एका बाजूची जागेवरच चिकटली होती, काडीने खरवडून काढली. सीलचा ओठ एका जागी कापलेला, अगदी जिथे त्या पोऱ्याने पेचकस घातला होता तिथे. बुश मात्र छान आहेत. प्रत्येक पायात दोन, वर एक आणि आत खोल एक. लांब काठीला सुती कापड गुंडाळून आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही पुसले. कापड पहिल्यांदा काळं, चौथ्यांदा राखाडी, सातव्यांदा पांढरं आलं. बाजूच्या काकांनी घासलेट वापरायला सांगितलं होतं. ते रबराजवळ नको म्हणून टाळलं.

एक काळजी आहे. उजव्या नळीच्या मागच्या बाजूला, सील जिथे सहा वर्षं एकाच जागी बसलं होतं तिथे गंजाचे तीन ठिपके. मोहरीपेक्षा लहान. नख फिरवलं तर दोन लागत नाहीत, एक लागतो. नळी गेली का?

आणि सील इथे कुठे मिळतील? सियागंजात दोन दुकानांत विचारलं, मोटारसायकलची मापं आहेत, ही नाहीत.

तेलकट_हात (इंदूर)

नळी गेलेली नाही. टोराच्या नळ्या लोखंडी, ३२ मिमीच्या, वर क्रोम. तुम्ही भाग्यवान आहात. दोन हजार नंबरचा पाण्याचा कागद (बारीक घासकागद) तेलात भिजवा आणि नळीभोवती गोल फिरवत, लांबीच्या दिशेने नाही, फक्त त्या ठिपक्यांवर हलकेच चोळा. गंज निघाला की थांबा. जो खड्डा नखाला लागतो त्यात नेलपॉलिश टोकाने टिपून भरा, पूर्ण वाळू द्या, मग तोच कागद फिरवून पातळीत आणा. खडबडीत कड उरली नाही पाहिजे, बस.

हे फक्त क्रोमच्या लोखंडी नळीला. ज्यांच्या नळ्या ॲल्युमिनियमच्या, काळ्या किंवा राखाडी रंगाच्या असतील त्यांनी कागद लावू नका. तो रंग म्हणजेच कडक थर असतो. तो घासून खालची चंदेरी धातू दिसली की नळी झिजतच जाते, त्यावर घरी इलाज नाही.

सील मोटारसायकलच्या दुकानात जुळवत बसू नका. ३२ मिमीच्या नळीची रॉकशॉक्सची सील-फोमची जोडी त्या काळच्या टोरा, रेकॉन, रेबा अशा बऱ्याच मॉडेलांना लागते, वर्ष तपासून ऑनलाइन मागवा. गादीचा फोम कापून चकती करू नका, तो वर्षभरात तुटतो आणि तुकडे बुशात जातात. शक्य असेल तर तळाच्या बोल्टची वायसरही नवी घ्या, ती एकदा दबली की पुन्हा नीट बसत नाही, तेल झिरपतं.

उघडलाच आहे तर आणखी एक काम. क्राउन, म्हणजे जिथे दोन्ही नळ्या आणि मधली नळी एकत्र येतात, तो भाग टॉर्च लावून बघा. व्ही-ब्रेकच्या खुंट्यांच्या बुडाशी बघा, चाक अडकतं त्या टोकांना बघा. केसासारखी रेघ दिसली तर ती चरा आहे का तडा, हे नक्की होईपर्यंत सायकल चालवू नका. बुश, सील, तेल सगळं बदलता येतं. तडा गेलेला चिमटा भंगारातच जायला हवा, कितीही जीव असला तरी.

बडोदेकर_२६ (बडोदे)

फार उपयुक्त धागा. मामांनी नव्वदच्या दशकात परदेशातून आणलेली सायकल माझ्याकडे आहे, पुढे रॉकशॉक्सचा पिवळा जुडी चिमटा. त्याच्या आत स्प्रिंगऐवजी इलॅस्टोमर, म्हणजे फेसाळ युरेथेनचे ठोकळे असतात. उघडला तेव्हा ते ठोकळे नव्हते, काकवीसारखा चिकट लगदा होता, नळीला आतून लिंपलेला. काढायला दोन रविवार गेले.

तो काढताना या चिमट्यांचा इतिहास वाचला. रॉकशॉक्स १९८९ ची. पहिल्या चिमट्याचं ट्रॅव्हल पाच सेंटिमीटरही नव्हतं. त्यानंतर काही वर्षं बहुतेकांनी हे ठोकळे वापरले, कारण हलके आणि देखभाल नाही. पण थंडीत ते कडक होतात आणि काळाने कुजतात. १९९७ चा मार्झोकीचा बॉम्बर झेड-वन आला आणि त्याने स्प्रिंग व तेल पुन्हा रुळवलं. आज वीस-पंचवीस वर्षांनी स्प्रिंगवाले चिमटे परातीत धुऊन चालू होतायत आणि ठोकळेवाले तसेच पडून आहेत. माळवावाटजी, तुमच्याकडे स्प्रिंग आहे ही खरी कमाई.

हवेवर चालणारे चिमटे असणाऱ्यांसाठी एक सूचना, कारण माझ्या भावाच्या रेबाला आम्ही इथे जवळजवळ चूक केली होती. त्याच्या डाव्या पायात वर एक आणि खाली एक असे हवेचे दोन व्हॉल्व्ह आहेत. उघडण्याआधी दोन्ही रिकामे करायचे, आधी वरचा, मग खालचा. हवा आत असताना टोपी किंवा बोल्ट उघडला तर भाग गोळीसारखा उडू शकतो. डोळ्यांवर चष्मा हवाच.

माळवावाट (इंदूर)

सील नवव्या दिवशी आली. आज संध्याकाळी जोडलं. ज्यांना करायचं आहे त्यांच्यासाठी जोडणी नीट लिहितो, कारण व्हिडिओत हे भरभर जातं.

फोमच्या चकत्या वाटीत फोर्क ऑइल घेऊन अर्धा तास बुडवल्या, मग चिमटीने हलके दाबून बसवल्या. सील हाताने सरळ बसत नाही, एक बाजू आत जाते आणि दुसरी उठते. त्याच्या बाहेरच्या कडेवर नेमका टेकेल असा पीव्हीसी पाइपचा तुकडा शोधला, त्यावर लाकूड आणि हातोडी. थाप, थोडं फिरवून थाप. पूर्ण टेकलं की आवाज बदलतो, पोकळचा भरीव होतो. सीलच्या आतल्या ओठाला शॉकर ग्रीसचं बोट फिरवलं.

मग पाय नळ्यांवर चढवताना सर्वांत जास्त भीती वाटली. ओठ आतल्या बाजूला दुमडला तर नवं सील वाया. लेकाने टॉर्च धरला, मी दोन्ही नळ्या एकदमच, हलवत-हलवत आत घातल्या. पाय पूर्ण वर न्यायचे नाहीत, वरचे बुश नळीवर येतील आणि तळाशी शाफ्ट अजून भोकापासून लांब राहील असे अर्धवट ठेवायचे. चिमटा आडवा-तिरका धरला आणि औषधाच्या दुकानातल्या वीस मिलीच्या सिरिंजने तळाच्या भोकातून तेल सोडलं. सिरिंजमुळे मिलीचा हिशोब चुकत नाही. मग पाय पूर्ण दाबले, शाफ्टचे आटे भोकात दिसले, बोल्ट नव्या वायसरसह. मॅन्युअलात ७.३ न्यूटन-मीटर दिलंय. मित्राकडून टॉर्कचा पाना आणला, नुसत्या हाताने मी नक्कीच जास्त आवळलं असतं.

शेवटी झिप-टायचं बोथट टोक सीलच्या ओठाखाली हळूच सरकवून कोंडलेली हवा सोडली. फुस्स झालं. बाहेरची गळती पुसली, रिमवर ब्रेक लागतो तिथे तेलाचा थेंब नाही ना ते दोनदा बघितलं.

आणि दाबला. मंडळी, तो दबला. काही आवाज नाही, अडखळणं नाही, नळीवर तेलाची पुसट ओली झाक आणि हात काढल्यावर शांतपणे वर. लेक नुसता दाबतच राहिला. २००८ मध्ये दुकानातून बाहेर पडताना मी असाच दाबत होतो.

जुनं तेल एका बाटलीत भरून कोपऱ्यावरच्या मोटारसायकल मिस्त्रींना दिलं, त्यांच्याकडे निघालेल्या तेलाचा पिंप असतो. नाल्यात ओतू नका.

शनिवारस्वारी (इंदूर)

वाचतानाच आनंद झाला! मी पण एक्ससीटी पुन्हा उघडला काका, ग्रीस केलं, खडखड गेली. आता एवढं सांगा, परत कधी उघडायचा?

तेलकट_हात (इंदूर)

शाब्बास ताई. रॉकशॉक्स आणि सनटूर दोघेही पायांच्या सफाईला साधारण ५० तास चालवल्यावर म्हणतात. आपण शनिवार-रविवार दोन-दोन तास चालवणारे, म्हणजे तीन महिन्यांच्या आसपास. माळव्यात मी असं सांगतो की पावसाळा संपला की दसऱ्याच्या आसपास एकदा उघडायचाच, मग तास किती का झाले असेनात, आणि उन्हाळ्याची धूळ संपताना मे अखेरीस एकदा. तेल स्वच्छ निघालं तर पुढच्या वेळी थोडं लांबवा. तेलच सांगतं.

मधल्या काळात स्वारी संपली की नळ्या मऊ कापडाने पुसायच्या. आणि तेलावर चालणारा चिमटा असेल तर निघण्याआधी सायकल पाच मिनिटं उलटी ठेवायची, म्हणजे तळाचं तेल फोमपर्यंत येतं.

माळवावाट भाऊ, आता सॅग, म्हणजे नुसतं बसल्यावर चिमटा किती दबतो ते मोजा. लेकाने रोजच्या कपड्यांत, पाठीवर पिशवी घेऊन सायकलवर अलगद बसायचं. नळीला झिप-टाय बांधून तो सीलला टेकवायचा, उतरल्यावर तो सीलपासून किती वर गेला ते मोजायचं. १०० मिमीला २० ते २५ मिमी यायला हवं.

माळवावाट (इंदूर)

मोजलं. लेकाचं वजन ५८ किलो, सॅग फक्त ११ मिमी. वरचा प्रीलोड (स्प्रिंगला आधीच थोडं दाबून ठेवणारा नॉब) पूर्ण सोडला तरी १३. रविवारी सकाळी पोहे खाऊन दोघे खंडवा रोडने सिमरोलच्या पुढे कच्च्या वाटेला गेलो, मी शेजाऱ्यांच्या सायकलवर. चिमटा गळला नाही, खालचे बोल्ट जागचे हलले नाहीत. पण घरी आल्यावर झिप-टाय ५६ वर होता. शंभरातले छपन्नच त्याने वापरले, आणि दगडांवर हाताला दणके बसले म्हणाला.

तेलकट_हात (इंदूर)

चिमटा बरोबर आहे, स्प्रिंग तुमची आहे. प्रीलोडने स्प्रिंगचा कडकपणा बदलत नाही, फक्त दबायला सुरुवात कुठे होते ते बदलतं. वरची टोपी उघडून स्प्रिंगवरच्या रंगाची खूण बघा. रॉकशॉक्समध्ये लाल मध्यम, निळी कडक, काळी त्याहून कडक, पिवळी मऊ आणि चंदेरी सर्वांत मऊ.

माळवावाट (इंदूर)

निळी! आता आठवलं, तेव्हा मी पंच्याऐंशी किलोचा होतो, दुकानदाराने वजन विचारून बदलून दिली होती. टोराची पिवळी किंवा चंदेरी स्प्रिंग कुणाकडे पडून आहे का? योग्य किंमत देईन.

तेलकट_हात (इंदूर)

पिवळी आहे माझ्याकडे, एका मोडलेल्या टोरातून काढून ठेवलेली. पैसे नकोत, तुमची निळी द्या, माझ्याकडे एक जाडजूड गिऱ्हाईक तिचीच वाट बघतंय. रविवारी दहाच्या आधी या आणि लेकाला घेऊन या. टोपी त्याच्याच हाताने उघडवू.